जखमेबरोबर वेदनेचाही इलाज

नांगरट चालू असताना बैलाच्या मागच्या पायाला फाळ लागला, की पुढे गोठ्यात काय होते ते बहुतेक गावांत ठरलेले असते. दोर आणून चार-पाच माणसे जनावर पाडतात, एक जण शिंगे धरून मानेवर बसतो, पाय बांधले जातात, जखम धुतली जाते, टाके पडतात, प्रतिजैविकाचे इंजेक्शन होते. दोर सुटले की बैल धडपडत उठतो, कोपऱ्यात जाऊन उभा राहतो आणि सगळ्यांना हायसे वाटते. हे करणारी माणसे निर्दय असतात असे मुळीच नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना बैलाचे खांदे तूप-हळदीने मळणाऱ्या शेतकऱ्याला जू कुठे काचते आणि किती दुखते हे चांगले ठाऊक असते. अडचण वेगळीच आहे. जनावराची वेदना हा आपण दयेचा विषय मानला आहे आणि जखम भरणे हा उपचाराचा. म्हणून वेदना कमी करणे हे जमले तर करायचे, पैसे असतील तर करायचे, असे वरकड काम होऊन बसले. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत प्राण्यांच्या आणि माणसांच्या वेदनेवर जे संशोधन झाले, त्याने ही वाटणी चुकीची ठरवली आहे. वेदना तशीच ठेवली तर जखमही नीट भरत नाही. वेदनाशामक औषध हा इलाजाचाच भाग आहे आणि टाक्यांइतकाच आवश्यक आहे.

असे का होते ते समजून घ्यायला शरीरात काय चालते ते पाहावे लागते. इजा झाली की शरीर ताणाची संप्रेरके सोडते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तातली साखर वाढते, कॉर्टिसॉल चढते. हल्ला झाल्यावर पळून जाण्यापुरती, म्हणजे काही मिनिटे, ही व्यवस्था उत्तम आहे. पण दुखणे दिवसेंदिवस चालू राहिले तर तीच व्यवस्था उलटते. स्नायूंतली प्रथिने मोडून खाल्ली जातात, रोगप्रतिकारशक्ती मंदावते, भूक मरते. गाय, म्हैस, शेळी यांच्या बाबतीत तर भूक मरणे ही साधी गोष्ट नाही. त्यांचे पोट सतत हलत, आंबत राहिले पाहिजे. दुखण्याने चारा सुटला आणि रवंथ थांबले, की त्या मोठ्या पोटाची हालचाल मंदावते, त्यातल्या उपयोगी जंतूंचा समतोल बिघडतो, दूध आटते आणि पायाच्या जखमेचे जनावर पोटाच्या आजाराने खंगू लागते. जखम भरायला प्रथिने लागतात, ती बाहेरून येत नाहीत आणि आतली खर्च होत असतात. मग महिनाभराने आपण म्हणतो, याचे अंगच भरत नाही.

वेदना मज्जासंस्थेवरही खूण ठेवून जाते. १९८३ साली क्लिफर्ड वूल्फ यांनी लंडनमध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दाखवले, की इजेनंतर मेरुरज्जूतल्या चेतापेशीच अतिसंवेदनशील होतात. जखमेकडून येणाऱ्या संदेशांचा भडिमार झाला की त्या पेशी पुढे साध्या स्पर्शालाही वेदना म्हणून वाचू लागतात. शस्त्रक्रियेनंतर दुखू लागल्यावर औषध देण्यापेक्षा चिरा देण्याआधीच ते द्यावे, हा आजचा नियम याच शोधातून आला आणि नंतर द्यायचे तेच औषध आधी दिल्याने खर्चही फारसा वाढत नाही. दुसरे उदाहरण आणखी बोलके आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात जॉन लीबेस्किंड यांच्या गटाने उंदरांच्या पोटावर शस्त्रक्रिया करून त्यांच्या रक्तात कर्करोगाच्या पेशी सोडल्या. शस्त्रक्रियेमुळे फुप्फुसांत गाठी पसरण्याचे प्रमाण वाढले, पण ज्या उंदरांना मॉर्फिन दिले होते त्यांच्यात ही वाढ बरीच रोखली गेली. चिरा तोच होता, हात तेच होते, फरक फक्त वेदनेचा होता.

यावर पहिला आक्षेप जुना आहे: जनावराला आपल्यासारखे दुखतच नाही, ते फक्त अंग आखडते, हिसका देते. प्राणी म्हणजे यंत्रे, असे सांगणारी विचारधारा युरोपात सतराव्या शतकापासून होती आणि प्रयोगशाळांमध्ये तिचा प्रभाव फार काळ टिकला. तिला उत्तर द्यायला तत्त्वज्ञानात शिरायची गरज नाही, एक कोंबडी पुरे. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ब्रॉयलर कोंबड्यांसमोर दोन रंगांचे खाद्य ठेवले. एका रंगाच्या खाद्यात कार्प्रोफेन हे वेदनाशामक मिसळले होते. धडधाकट कोंबड्यांनी त्या खाद्याला खास पसंती दिली नाही. लंगड्या कोंबड्यांनी ते जास्त खाल्ले आणि लंगडणे जितके जास्त तितके औषधही जास्त घेतले. नुसत्या हिसक्याने अंग झटकणारे यंत्र दाणे निवडून स्वतःचा डोस ठरवत नाही. २००३ साली लिन स्नेडन यांनी ट्राउट माशांच्या ओठांत सौम्य आम्ल टोचून पाहिले. मासे तळातल्या खड्यांवर ओठ घासू लागले, खाणे विसरले आणि मॉर्फिन दिल्यावर हे वागणे कमी झाले.

आपली गत मात्र याच्याही पुढची होती, कारण माणसाच्या तान्ह्या बाळांनाही पुरते दुखत नाही असे समजून १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी त्यांच्यावर नाममात्र भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. इंदूरमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कनवलजीत सिंग आनंद यांनी १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले, की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना हृदयालगतच्या रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियेत फेंटॅनिल हे वेदनाशामक दिले तर ताणाची संप्रेरके कमी चढतात आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. जगभर बालशस्त्रक्रियेची पद्धत बदलायला या कामाने मोठा हातभार लावला. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वेदनेचा पुरावा त्याच्या बरे होण्यात शोधावा लागतो, ही रीत इथे पक्की झाली. जनावरांना तीच लागू पडते.

पण मग बैल ओरडत का नाही? शिकार होणाऱ्या प्राण्यांच्या कळपात जो लंगडला तो वाघाच्या नजरेत भरला. लाखो वर्षे हेच चालत आल्यामुळे गाय, शेळी, घोडा, ससा दुखणे लपवतात. मांजर शिकारी असूनही कोपऱ्यात दडून बसते. म्हणून जनावर शांत आहे याचा अर्थ दुखत नाही असा काढता येत नाही आणि निदानासाठी डोळा तयार करावा लागतो. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात २०१० साली उंदरांच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी तयार झाली, पुढे घोडे, गायी यांच्यासाठीही तशा पट्ट्या निघाल्या. २०१९ साली मॉन्ट्रियलच्या पशुवैद्यकांनी मांजरांसाठी केलेली पट्टी इतकी सोपी आहे की घरचे माणूसही शिकू शकते: कानांची ठेवण, डोळे किती मिटले आहेत, तोंडाभोवतीचा ताण, मिशा आणि डोके खांद्यांच्या वर आहे की खाली. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. चार किंवा त्याहून जास्त गुण झाले तर वेदनाशामकाचा विचार करायचा. गायीत पाहण्यासारखे आणखी काही असते. कान मागे किंवा खाली पडतात, डोळ्यांवरची त्वचा आखडते, नाकपुड्या फुगतात, पाठीला बाक येतो, दात खाल्ल्याचा आवाज येतो, ती कळपापासून अलग उभी राहते. आणि सगळ्यांत भरवशाची खूण म्हणजे रवंथ. ज्याच्या दावणीला जन्मभर जनावरे आहेत त्याला यातले बरेच कळतच असते. ते कळलेले उपचारात उतरत नाही, इतकेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि अनुभवी माणसे तो मांडतात. दुखते म्हणून जनावर पाय टेकवत नाही, पाय टेकवत नाही म्हणून हाड सांधते. औषध देऊन दुखणे घालवले तर ते मोडक्या पायावर उड्या मारेल. यात थोडे तथ्य आहे. वेदना हा इशारा आहे आणि तो पहिल्या क्षणी उपयोगी पडतो. पण इशारा मिळून गेल्यावर, हाड बांधून झाल्यावर, रात्रंदिवस तोच इशारा वाजत राहण्याने काही साधत नाही. शिवाय नेहमीच्या मात्रेतली औषधे वेदना पूर्ण पुसून टाकत नाहीत, ती सुसह्य करतात. जनावराला आवरायचे तर आखूड दावे, छोटी खोली, पक्के प्लास्टर ही साधने आहेत. त्यांचे काम वेदनेकडून करून घेणे हा आळस आहे. दीर्घकाळ आणि जास्त मात्रेत दिलेली काही दाहशामके हाड सांधण्याचा वेग कमी करू शकतात, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे, हे खरे. त्याचा अर्थ मात्रा आणि दिवस मोजून द्यावेत एवढाच होतो. उलट जो पाय दुखतो म्हणून महिनाभर उचलूनच धरला, त्याचा सांधा आखडतो, स्नायू वाळतात आणि हाड सांधले तरी जनावर लंगडेच राहते.

याच समजुतीचे टोकाचे रूप म्हणजे डागणे. खांदा सुजला, सांधा धरला, पोट फुगले की तापवलेल्या लोखंडाने डाग द्यायची पद्धत महाराष्ट्रात अजून पूर्ण गेलेली नाही. मोठ्या वेदनेने लहान वेदना दबते आणि डागलेल्या जागी रक्त धावून दुखणे बरे होते, असा त्यामागचा विचार. हे आपल्याच अडाणीपणाचे लक्षण मानून मान खाली घालायचे कारण नाही, कारण इंग्लंडमध्ये शर्यतीच्या घोड्यांचे दुखावलेले स्नायुबंध शतकानुशतके असेच डागले जात होते आणि तेही शिकलेल्या पशुवैद्यकांकडून. १९८३ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या मोठ्या अभ्यासाने डागलेले आणि न डागलेले स्नायुबंध तपासून पाहिले. डागण्याचा कोणताही फायदा सापडला नाही. घोडे बरे होत होते ते डागल्यानंतर सक्तीने मिळणाऱ्या विश्रांतीमुळे. आपल्याकडच्या बैलालाही डाग दिल्यावर औताला जुंपत नाहीत आणि मग तो सुधारला की श्रेय लोखंडाला जाते.

खर्चाचा आक्षेप खोडणे सोपे नाही, पण समजतो तितका तो मोठाही नाही. इथे एक उदाहरण जवळून पाहावे. पाच ते दहा वर्षांच्या बैलांत शिंगाचा कर्करोग आपल्या देशात बराच आढळतो. बैल मान झटकतो, शिंग झाडाला घासतो, एका नाकपुडीतून रक्त येते आणि हळूहळू ते शिंग कलते. उपचार म्हणजे शिंग बुडापासून कापून काढणे. शिंगाची पोकळी कपाळाच्या हाडातल्या पोकळीशी जोडलेली असते, त्यामुळे हे कापणे म्हणजे नख कापण्यासारखे नाही. बधिर न करता केले तर बैल दोराखाली थरथरत राहतो. आता भूल काय लागते ते पाहा. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचे बूड यांच्या मधोमध कपाळाच्या हाडाची एक धार बोटाला लागते. तिच्या लगत खाली शिंगाकडे जाणारी चेता असते. तिथे लिग्नोकेन या साध्या औषधाचे इंजेक्शन दिले, की काही मिनिटांत वरची पापणी अनेकदा किंचित उतरते आणि शिंगाच्या बुडाशी सुई टोचली तरी बैल कान हलवत नाही. लिग्नोकेन हे दात काढताना माणसाच्या हिरडीत देतात तेच. स्वस्त आहे आणि जिथे टाके घालण्याची सोय आहे तिथे ते ठेवता येते. शेळ्या-करडांना त्याची मात्रा काटेकोर मोजावी लागते, एवढी काळजी घेतली की झाले. गोऱ्हा खच्ची करताना बर्डिझो चिमटा लावण्याआधीही हेच औषध वापरता येते. पूर्वी दगडाने बडवत असत, त्या मानाने चिमटा सौम्य म्हणून भुलीशिवाय चालवून घेतला जातो. कायद्यानेही इथे बराच काळ हात सैल सोडला होता. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाने शिंगे काढणे, खच्ची करणे, डाग देऊन खूण करणे, वेसण घालणे या गोष्टी विहित पद्धतीने केल्यास क्रूरतेतून वगळल्या. या कामांआधी जागा बधिर करणे कुठेही टाळले जाता कामा नये आणि सरकारी दवाखान्यांना त्यासाठी औषधाचा पुरवठा कमी पडू देता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय असलेल्या राज्यात ज्ञानाची कमतरता हे कारण सांगता येणार नाही.

सगळ्यांत गंभीर आक्षेप गिधाडांचा आहे. जनावरांना सर्रास वेदनाशामके देण्याचे पाप भारताने एकदा भोगले आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पंधरा-एक वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००४ साली लिंडसे ओक्स यांच्या गटाने पाकिस्तानात मेलेली गिधाडे तपासून कारण शोधले: डायक्लोफिनॅक. मरण्याआधी हे औषध दिलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे बंद पडत आणि आतल्या अवयवांवर यूरिक आम्लाचा पांढरा थर साचे. मेलेल्या जनावरांपैकी शेकडा एकाहून कमी जनावरांत घातक प्रमाणात औषध असले तरी एवढा संहार होऊ शकतो, असे गणिताने निघाले. रायगडातल्या म्हसळा-श्रीवर्धन भागातली घरटी सांभाळण्यासाठी पक्षीमित्रांना इतके कष्ट का घ्यावे लागले, ते यावरून कळते. पण या शोकांतिकेचा धडा ‘औषध देऊ नका’ असा निघत नाही. शेतकऱ्यांनी डायक्लोफिनॅक इतके वापरले, कारण त्याने जनावर उठत होते, चारा खात होते, कामाला लागत होते. गरज खरी होती, औषध चुकीचे होते. २००६ साली भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली, त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचे चाचण्यांतून प्रसिद्ध झाले आणि ते पर्याय म्हणून पुढे आले. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये एका कुपीत तीन मिलिलिटरपेक्षा जास्त डायक्लोफिनॅक भरायला मनाई झाली. गायीच्या शरीरात गेल्यावर ॲसिक्लोफिनॅकचे डायक्लोफिनॅक बनते, त्यामुळे ते आणि किटोप्रोफेन ही दोन्ही २०२३ साली जनावरांसाठी बंद झाली. तेव्हा आपल्या गोठ्यात कोणते औषध टोचले जाते आहे, त्याचे नाव विचारण्याचा हक्क आणि गरज प्रत्येक मालकाला आहे. औषधानंतर किती दिवस दूध वापरायचे नाही, हेही त्याच वेळी विचारावे.

चुकीचे औषध खुद्द जनावरालाही मारू शकते, म्हणून घरातली गोळी त्याला देणे टाळले पाहिजे. आपल्याला तापात मिळणारी पॅरासिटामोलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करणारी यकृतातली व्यवस्था मांजरांत फार तोकडी असते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात. फार रक्त गेलेल्या किंवा पाणी कमी पडलेल्या जनावराला योग्य औषधही आधी सलाईन दिल्याशिवाय घातक ठरू शकते. अनेक राज्यांत १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरते पशुवैद्यकीय पथक बोलावता येते, त्यांना आधी विचारणे केव्हाही चांगले.

आणि औषध पोहोचेपर्यंत, किंवा औषधाच्या जोडीने, वेदना कमी करणारी कितीतरी कामे हातांनीच होतात. अळ्या पडलेल्या जखमेत फिनेल किंवा रॉकेल ओतले तर अळ्या मरतात, पण नवी कोवळी त्वचाही जळते आणि जनावर वेदनेने वेडेपिसे होते. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम सावकाश धुवावी, अळ्या चिमट्याने काढाव्यात आणि माशा बसणार नाहीत अशी ती झाकावी. ताज्या मुक्या माराला पहिले दोन दिवस गार पट्ट्या, शेक नंतर. उठू न शकणारी म्हैस फरशीवर एका कुशीवर पडून राहिली तर तिच्याच वजनाखाली मांडीचे स्नायू आणि चेता काही तासांत चेचतात आणि मूळ आजार बरा झाला तरी ती उठत नाही. तिला पेंढ्याच्या जाड थरावर किंवा मऊ मातीवर घ्यावे, दर तीन-चार तासांनी कूस पालटावी. सपाट आडवी पडली तर ढेकर येत नाही आणि पोट फुगून ती दगावू शकते, म्हणून पोत्यांचा आधार देऊन छातीवर बसती ठेवावी. पाणी तोंडाशी हवे. कळपातले तिच्या ओळखीचे एखादे जनावर दिसेल असे बांधावे, कारण एकटेपणाची भीती ताण वाढवते. मांज्याने पंख चिरलेल्या घारीला तर हाताळणे हाच मोठा ताण असतो. तिला हवा खेळती असलेल्या अंधाऱ्या खोक्यात शांत ठेवून लगेच पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांकडे न्यावे. तोंडात पाणी ओतत बसू नये.

इतके करूनही काही जनावरे बरी होत नाहीत. पाठीचा कणा तुटलेला कुत्रा, अंगावर व्रण पडून सडत चाललेली गाय, ज्यांच्या वेदनेवर कोणतेच औषध पुरत नाही अशी. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे तेरावे कलम अशा जनावराला वेदनारहित मरण देण्याची तरतूद करते. धर्मभावनेपोटी पुष्कळ लोकांना ते मान्य नसते आणि त्या भावनेचा मी आदर करतो. परंतु जो गोमातेला मरण नाकारतो त्याने तिची वेदना शमवण्याची जबाबदारी पूर्णपणे अंगावर घ्यायला हवी: रोजचे वेदनाशामक, दिवसातून सहा वेळा कूस पालटणे, व्रण धुणे, हे तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत. पांजरपोळांना देणग्या देताना चाऱ्याच्या गाड्यांचा हिशेब विचारला जातो. तिथे आडव्या पडलेल्या जनावरांसाठी वेदनाशामकावर वर्षाला किती खर्च होतो आणि ते द्यायला पशुवैद्यक रोज येतो का, हेही देणगीदारांनी विचारायला हवे.